एका पैठणीला किती हात लागतात? येवल्यातला ‘विणकर’ नेमका कोण, समजून घ्या

भोगी, संक्रांत आणि कर. जानेवारीतले हे तीन दिवस येवल्यात रस्त्यावर माणूस शोधावा लागतो. सगळं गाव गच्चीवर असतं. हलकडी वाजत असते, पतंग काटाकाटीला आलेले असतात आणि उडवणाऱ्याच्या हातात असते आसारी. बाकी महाराष्ट्रात मांजा चक्रीला गुंडाळतात, येवल्यात मात्र आसारीला. पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, हे काय?

हा शब्द येवल्यात आणखी एका ठिकाणी ऐकू येतो, पण तिथे कॅमेरे क्वचितच पोहोचतात. पैठणी विणणाऱ्या घरात रेशमाची लड उकलून धागा ज्याच्यावर घेतात, तीही आसारीच. आणि घराघरात हे काम बहुतेक वेळा करते ती घरातली बाई. सासू, सून, कॉलेजातून आलेली मुलगी.

पैठणी महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ने ती घराघरातल्या टीव्हीवर नेली. ‘गोष्ट एका पैठणीची’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लग्नाच्या याद्यांमध्ये ती असतेच. पण फोटोत दिसतो मागावर बसलेला एक माणूस, आणि त्यामुळे पैठणी हे एकट्या कारागिराचं काम असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात साडी त्या माणसाच्या हातात येईपर्यंत तिच्यावर चार-पाच जणांचं काम होऊन गेलेलं असतं. यातल्या कोणाला ‘विणकर’ म्हणायचं हा प्रश्न वरवर शब्दाचा वाटतो. पण ओळखपत्र, भत्ता, अनुदान आणि पैठणीच्या नावावरचा हक्क या सगळ्या गोष्टी त्याच एका शब्दाला बांधलेल्या आहेत.

मागावर चढण्याआधी काय होतं?

येवल्यात रेशीम पिकत नाही. तुतीचं रेशीम मुख्यतः कर्नाटकातून, बेंगळुरूच्या बाजारातून येतं. जर येते सुरतेहून. कच्चं रेशीम हातात घेतलं तर ते कडक आणि निस्तेज लागतं, कारण धाग्यावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो. साबण आणि सोड्याच्या गरम पाण्यात तो काढून टाकतात. या एका पायरीत रेशमाचं वजन साधारण २० ते २५ टक्क्यांनी घटतं. म्हणजे किलोच्या भावाने घेतलेल्या मालातला पाव हिस्सा मागावर जाण्याआधीच पाण्यात गेलेला असतो. पैठणीच्या किमतीचा हिशेब करताना ही गोष्ट कोणी धरत नाही.

मग रंगणी. हे काम सहसा वेगळा कारागीर करतो. एका साडीचा सगळा धागा एकाच घाण्यात रंगवावा लागतो. नंतर धागा कमी पडला आणि पुन्हा रंगवला, तर छटा थोडी तरी बदलते आणि साडीत पट्टा उमटतो. रंगणाऱ्याच्या हातून चूक झाली तर ती महिनाभराने, विणताना समोर येते.

रंगलेल्या लडी सुकल्या की घरातल्या बायका बसतात. धागा आसारीवर घ्यायचा, तुटेल तिथे जोडायचा, जाड-बारीक वेगळा करायचा. मग रहाटावर कांड्या भरायच्या. या कांड्या धोट्यात बसतात आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, पुरवतात. उभ्या धाग्यांची ताणी वेगळी करावी लागते.

ताणी तयार झाली की येतं सांधणीचं काम. साडी उतरवताना विणकर सगळा ताणा ओढून काढत नाही. जुन्या ताण्याची टोकं फणीत आणि वह्यांमध्ये तशीच ठेवतो. नव्या ताणीचा एकेक धागा या टोकाला बोटांनी पीळ देऊन जोडायचा असतो. पन्ह्यात हजारो धागे असतात. एक धागा चुकून शेजारच्याला जोडला गेला, तर ती चूक पूर्ण साडीभर उभी रेघ होऊन राहते. यासाठी कसबी माणूस बोलवावा लागतो, नाहीतर घरातली दोन माणसं समोरासमोर बसून दिवस घालवतात. एवढं झालं तरी कापड अजून बोटभरही विणलेलं नसतं.

मग मागावर काय वेगळं घडतं?

पैठणीचं तंत्र समजलं की तिची किंमत समजते, म्हणून इथे थोडं थांबू.

बहुतेक नक्षीदार साड्यांमध्ये आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. नक्षीचा जादा धागा त्याच्यासोबत धावतो आणि जिथे दिसायला नको तिथे कापडाच्या मागे लोंबतो. पैठणीच्या पदरात असं नसतं. तिथे मोराच्या निळ्या मानेला निळा धागा, चोचीला लाल आणि मागच्या भागाला जर, असा प्रत्येक भाग स्वतःच्या छोट्या तिल्लीने विणला जातो. निळा धागा मानेच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या जरीत अडकवला जातो आणि तिथूनच मागे फिरतो. मागच्या बाजूला लोंबणारं काही उरत नाही. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो.

आता गंमत पाहा. तिल्ल्या रंगांच्या संख्येइतक्या लागत नाहीत, तर रंगांच्या जागांइतक्या लागतात. एका ओळीत हिरवं पान दहा ठिकाणी असेल तर हिरव्या तिल्ल्या दहा. मोबाइलच्या स्क्रीनवर चित्र जसं ठिपक्या-ठिपक्यांनी भरतं तसंच हे, फक्त इथे प्रत्येक ओळ हाताने मोजून भरायची असते. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ जॅकार्डने पंचकार्डाचा माग आणला आणि कोणता उभा धागा कधी उचलायचा हे कार्डावरची भोकं ठरवू लागली. पुढे संगणकानेही ही पंचकार्डाची कल्पना उचलली. येवल्यात आज अनेक मागांवर काठासाठी जॅकार्ड किंवा डॉबी बसवलेली दिसते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिल्लीच्या पदरात यंत्राला जागा नाही.

काठांचीही तीच तऱ्हा. काठ एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचं हवं असेल, आणि दोन्ही रंग शुद्ध दिसायला हवे असतील, तर तीन धोटे लागतात. दोन काठांचे दोन आणि मधला एक. प्रत्येक ओळीत ते एकमेकांत अडकवायचे. याला कडियल म्हणतात. एकच धोटा वापरला तर ती एकधोटी. तिच्यात उभ्या-आडव्या रंगांची धूपछाव दिसते. नारळी काठ, मुनिया, आसावली वेल, बांगडी-मोर, अजंठ्याचं कमळ ही नावं दुकानात ऐकू येतात. ती फक्त नक्षीची नावं नाहीत, तर मजुरी ठरवायची भाषाही आहे. बांगडी-मोराचा पदर म्हटला की किती दिवसांचं काम आहे हे दोघांनाही कळतं.

साध्या पदराची साडी पंधरा दिवस ते महिन्यात उतरते. भरलेला पदर असेल तर सहा महिने, काही वेळा वर्षही जातं. अशा पदरावर अनेकदा दोघं शेजारी बसतात, नवरा-बायको किंवा बाप-लेक. दोघांच्या हाताचा ठोका सारखा लागतो. एकाने फणी जोरात मारली आणि दुसऱ्याने हळू, तर कापड एका बाजूला दाट होतं.

येवल्यात हे सगळं आलं कुठून?

सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी येवला वसवलं आणि पैठणहून विणकरांना इथे आणलं, असं सांगितलं जातं. गुजरातमधून व्यापारी आले, जरीचे कारागीर आले. साळी, कोष्टी, खत्री अशा समाजांची घरं या धंद्यात स्थिरावली. आता तर माग चालवणाऱ्यांमध्ये जातीची ती जुनी रेघ उरलेली नाही. येवल्याबरोबर नागडे, बल्हेगाव, वडगाव या आसपासच्या गावांतही माग आहेत. शेतकरी घरातली मुलंही शिकून मागावर बसली आहेत.

कमी माहीत असलेली गोष्ट वेगळीच आहे. येवल्यातल्या रेशीम आणि जरीच्या धंद्यावर एकेकाळी एका संघाची मक्तेदारी होती. वस्ती बसवताना कारागिरांना हमी हवी होती की उद्या कोणीही येऊन शेजारी दुकान थाटणार नाही. ती हमी त्यांना राजसत्तेकडून मिळाली आणि पेशवाईतही टिकली. बाहेरून आलेल्या माणसाला धंदा सुरू करायचा तर आधी पैसे भरून संघात प्रवेश घ्यावा लागे. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये या व्यवस्थेची नोंद आहे. ही मक्तेदारी १८६४ पर्यंत टिकली आणि न्यायालयाच्या निर्णयाने संपली.

ही व्यवस्था चांगली होती की वाईट? दोन्ही. दर्जा राखला जात होता आणि आतल्या लोकांना संरक्षण मिळत होतं. पण आत कोण आणि बाहेर कोण हे आतलेच ठरवत होते. मक्तेदारी गेली, आणि तिच्या जागी कारागिरांना एकत्र ठेवणारं तितकं घट्ट काही आलं नाही. पुढे गिरण्यांचं कापड आलं, संस्थानिकांचा आश्रय आटला, आणि पैठणी काही मोजक्या घरांपुरती उरली. स्वातंत्र्यानंतर तिला पुन्हा बाजार मिळाला. या वेळी गिऱ्हाईक मध्यमवर्ग होता.

आज काम चालतं कसं?

ढोबळमानाने तीन प्रकार. काही विणकरांचा माग स्वतःचा, माल स्वतःचा आणि विक्रीही स्वतःची. काहींचा माग घरात, पण रेशीम, जर आणि नक्षी व्यापाऱ्याची; साडी उतरली की ठरलेली मजुरी. आणि काही जण दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन बसतात.

दुसरा प्रकार बाहेरून पाहताना शोषणाचा वाटतो. कधी तो तसा असतोही, विशेषतः उचल घेतलेली असेल तर. पण व्यापारी काय करतो हेही बघायला हवं. रेशमाचा भाव चढला तर तो सोसतो. साडी सहा महिने विकली गेली नाही तर पैसे त्याचे अडकतात. एकट्या विणकराने स्वतःचं रेशीम आणून भरलेल्या पदराची साडी लावली, तर वर्षभर घरात एक रुपया येणार नाही. मग घर कशावर चालणार? एकत्र येण्याचा प्रश्न इथे सुरू होतो. नुसत्या एकजुटीने तो सुटत नाही, त्यासाठी खेळतं भांडवल लागतं.

एकत्र येऊन नेमकं काय वाटून घेता येतं?

पदर वाटून घेता येत नाही. तो ज्याच्या हातचा त्याचाच. बाकी बरंच काही सामायिक करता येतं.

पहिलं रेशीम. दहा जणांनी मिळून घेतलं तर भाव बरा मिळतो. राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळामार्फत सुताच्या पुरवठ्यावर वाहतूक खर्चाची मदत आणि ठरावीक मर्यादेपर्यंत १५ टक्के किंमत-सवलत अशी केंद्राची योजना आहे. दुसरी रंगणी. चांगला बॉयलर, मऊ पाणी आणि रंगाच्या सांडपाण्याची सोय एका घराला परवडत नाही, वीस घरांना परवडते. तिसरी ताणी. चौथी विक्री. येवल्याजवळ अंगणगावला पर्यटन विभागाचं पैठणी केंद्र उभं राहिलं त्यामागेही हाच विचार होता. पर्यटकाला माग पाहता यावा आणि साडी तिथेच घेता यावी.

कायद्याने दोन सरळ वाटा आहेत. एक सहकारी संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती लागतात. दुसरी उत्पादक कंपनी. लोकांना ती शेतकऱ्यांचीच वाटते, पण कायद्यातल्या व्याख्येत हातमागाचं उत्पादन स्पष्टपणे धरलेलं आहे. तिलाही किमान दहा उत्पादक लागतात. फक्त व्यक्ती सभासद असतील तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच. पाच माग असलेला आणि एक माग असलेला, दोघांच्या मताचं वजन सारखं.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण माणसांची असते. योजना आली की संस्था निघते, अनुदान आलं की बैठका थांबतात, हे महाराष्ट्रात नवं नाही. टिकतात त्या संस्था ज्यांच्याकडे रोजचं काही काम असतं. महिन्याची रेशीम-खरेदी म्हणा, आठवड्याची रंगणी म्हणा. वर्षातून एकदा सत्काराला जमणाऱ्या संघाकडून बाजारात भाव टिकवण्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

जीआय टॅग मिळालाय ना? मग नकली माल कसा विकला जातो?

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. इथे एक मोठा गैरसमज आहे. जीआय मिळाला म्हणजे येवल्यातला प्रत्येक विणकर आपोआप त्याचा हक्कदार झाला, असं नाही.

१९९९ च्या कायद्यानुसार जीआयची नोंदणी उत्पादकांच्या संघटनेच्या किंवा अशाच प्रातिनिधिक संस्थेच्या नावाने होते. प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र अर्ज करायचा असतो. हे मानांकन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाड्याने देता येत नाही. मात्र अधिकृत वापरकर्त्याच्या मृत्यूनंतर त्याचा हक्क वारसाकडे जातो. दर दहा वर्षांनी नूतनीकरण लागतं. नकली मालाला पैठणी म्हणून विकणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

पण तक्रार करणार कोण? एकट्या विणकराला वकील परवडत नाही. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या दुकानात काय विकलं जातंय हे त्याला कळणारही नाही. कायद्याने हक्क समूहाला दिला, तेव्हा तो बजावायलाही समूहच लागतो. १८६४ पूर्वीच्या संघाला शेजारी कोण दुकान थाटतंय हे दिसत होतं. आजचा स्पर्धक यंत्रमागावर, दुसऱ्या राज्यात आणि ऑनलाइन आहे. ‘सेमी पैठणी’ असं स्पष्ट सांगून यंत्रमागाची साडी विकणं वेगळं. ज्याचं बजेट दोन हजार आहे त्याने ती घ्यावी, त्यात गैर काही नाही. त्रास होतो तो ‘सेमी’ हा शब्द बिलावरून गळतो तेव्हा.

आणि आसारीवर बसलेल्या बाईचं काय?

चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत (२०१९-२०) देशात ३५.२२ लाख हातमाग कामगार नोंदले गेले. त्यातले २६.७३ लाख विणकर, बाकीचे ‘संलग्न कामगार’. धागा उकलणारे, कांड्या भरणारे, ताणी करणारे, रंगणारे. एकूण कामगारांमध्ये महिलांचं प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सरकारी हिशेबात ही माणसं अदृश्य नाहीत. घरातल्या हिशेबात असतात. साडीची मजुरी एक, ती घेणारा माणूस एक, आणि कांड्या भरणं हे ‘घरचं काम’.

याचा परिणाम पैशात होतो. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर पैठणी, हिमरू, करवत काटी, घोंगडी आणि खण या पाच पारंपरिक वस्त्रांच्या नोंदणीकृत विणकरांसाठी उत्सव भत्ता जाहीर झाला. पुरुषांना वर्षाला १० हजार, महिलांना १५ हजार रुपये. रक्कम महिलांसाठी जास्त ठेवली, हे चांगलंच. पण भत्ता नोंदणीवर मिळतो. घरात माग एक, आणि ओळखपत्र काढताना नाव दिलं गेलं ते कर्त्या पुरुषाचं. बाई पदरावर रोज चार तास बसत असली तरी कागदावर ती गृहिणी. संघ किंवा संस्थेचा सभासद करून घेतानाही हेच घडतं. म्हणून सभासद-नोंदणीच्या वेळी प्रत्येक घरातून दुसरं नाव विचारणं, हे एखाद्या विणकर संस्थेला आजही करता येण्यासारखं सगळ्यात स्वस्त काम आहे. त्याला ना इमारत लागते ना अनुदान.

पैठणी घेताना काय बघाल?

पदर उलटा करा. तिल्लीच्या कामात मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच दिसते. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले, किंवा ते झाकायला जाळी लावलेली असली, तर पदर तिल्लीचा नाही.

‘सिल्क मार्क’ असेल तर रेशीम शुद्ध, एवढंच कळतं. साडी हातमागावरची आहे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा असतो. जर कोणती, हे स्पष्ट विचारा. चांदीवर सोन्याचा मुलामा असलेली अस्सल जर आणि तांब्यावरची जर यांच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि आज बहुतेक साड्यांत दुसरीच असते. धागा जाळून वास घेण्याची युक्ती सगळे सांगतात, पण दुकानदाराच्या साडीचा धागा काढून जाळायला कोणी देत नाही.

आणि नक्षीत अगदी बारीक फरक दिसला, एका मोराची मान दुसऱ्यापेक्षा दोन धाग्यांनी जाड वाटली, तर ती साडी परत करू नका. बिलावर ‘हातमाग’ हा शब्द आणि जरीचा प्रकार लिहून घ्या. येवल्यात जाऊन घेणार असाल तर माग पाहायचा आहे असं सांगा, बहुतेक जण दाखवतात. तिथे गेलात की मागावर बसलेल्या माणसाबरोबर दारापाशी रहाट फिरवणारीलाही विचारा, या साडीवर तिचे किती दिवस गेले.